कंदीलवाल्याचा खरा वेग

...आणि वर मलाच विचारतात, तुम्हाला ते सांगायची गरजच काय होती? मुलगा फोनवर विचारतो, व्यायाम शिकवायला येणारी बाई खांद्यावरची पिशवी खाली ठेवण्यापूर्वी विचारते, आणि बायकोने तर विचारलंही नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडली, जे विचारण्यापेक्षा वाईट. तुम्हाला सांगतो, मी जन्मभर वजनमापे तपासली. निरीक्षक होतो. तराजू खोटा असेल तर तो खोटा आहे असं सांगणं, एवढंच माझं काम. दुकानदार हसला, रडला, खुर्ची पुढे केली, तरी काटा जिथे उभा आहे तिथेच उभा आहे, असं मी म्हणत आलो. मग स्वतःच्या घरासाठी वेगळा नियम कुठून आणू? मी काय खोटं बोललो?

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्याच बाजूला जाऊन बसाल.

बायकोच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. देवाच्या कृपेने पाय सावरला, बोलणं सावरलं... बोलणं तर असं सावरलं की ते कधी गेलं होतं यावर कोणाचा विश्वास बसू नये. हात तेवढा राहिला. डाव्या अंगठ्याला ऊठ म्हटलं की तो ऐकून घेई आणि बसून राही. व्यायामाच्या बाईने रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाली. बायकोने तो एकदोनदा दाबला आणि विचारलं, "यात पुढे काय होतं?"

"पुढे काही होत नाही, काकू. हात सुधारतो."

"मग नको. ज्यात पुढे काही होत नाही असं मी या घरात पुष्कळ केलंय," असं म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला माझा कंदीलवाला द्या."

कंदीलवाला म्हणजे काय, ते सांगायला हवं. मुलगा लहान होता तेव्हा टीव्हीला जोडायचा एक खेळ घरात आणला होता. आणला मुलासाठी, खेळायची ही. एक ठेंगणा माणूस हातात कंदील घेऊन विहिरीत उतरतो आणि तळाशी दिवा लावून पुढच्या विहिरीत जातो. पाचव्या विहिरीत हलता पूल आहे. त्या पुलावरून तो रोज खाली पडायचा, आणि ही रोज म्हणायची, उद्या. सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत प्रार्थनेला बसलो की भिंतीपलीकडून त्या खेळाची धून यायची, इतकी वर्षं यायची की माझ्या प्रार्थनेची चाल आणि ती धून एकाच पट्टीत चालायला लागली होती. देव क्षमा करो. पण पूल काही ओलांडला गेला नाही, मुलगा मोठा झाला, यंत्र बिघडलं, फेकलं. कॅसेट मात्र हिने बटणांच्या डब्यात जपून ठेवलेली.

मुलाने हातात मावणारं यंत्र पाठवलं. डाव्या अंगठ्याखाली चार दिशांचं बटण, जणू हिच्यासाठीच बनवलेलं. फोनवर म्हणाला, "बाबा, कॅसेटमधला खेळ मोबाइलवाला कार्डात उतरवून देईल. त्याला एक एम्युलेटर टाकून घ्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. खूप आहेत. कुठलाही टाका."

कुठलाही. ऐकलंत? मी विचारलं, "अरे, नक्कल म्हणजे तंतोतंत की साधारण?" तर म्हणतो, "बाबा, आईला खेळायचंय, न्यायालयात दाखल करायचं नाहीये."

गेलो मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने कॅसेट हातात घेतली, आधी तिच्यात फुंकर मारली, आणि मग पडद्यावर एम्युलेटरांची यादी उलगडत गेला... एक, त्याखाली दुसरा, हा त्याचा सुधारलेला, हा त्या सुधारलेल्यावर रागावून कोणी वेगळा केलेला. मी म्हटलं, फरक सांगा. तो म्हणाला, "काका, हा घ्या. हलका आहे, पळतो, सगळे हाच घेतात. रंग जवळपास तेच, आवाज जवळपास तोच."

"जवळपास म्हणजे किती?"

"जवळपास म्हणजे... जवळपास."

"आणि हा खालचा?"

"हा तंतोतंत. जुन्या यंत्रातला एकेक भाग कसा वागायचा, तसाच वागतो. पण काका, जड आहे हा. तुमच्या यंत्राला झेपणार नाही."

झेपणार नाही, हे वाक्य मी नोकरीत कितीतरी वेळा ऐकलं आहे, खरं वजन ठेवणं कोणालाच झेपत नसतं, पण तरीही मी घाई केली नाही. घरी आलो, मोबाइलवर वाचलं, पुन्हा गेलो, पुन्हा वाचलं, एकजण लिहितो हलकाच बरा, दुसरा लिहितो हलका वापरणाऱ्याला खेळातलं काही कळत नाही, तिसरा त्या दोघांच्या अकलेवर लिहितो... आणि हे सगळं चाललेलं असताना बिछान्यातून आवाज येतो, "अहो, नवरा निवडायला माझ्या वडिलांनी एवढा वेळ घेतला नव्हता."

मी म्हटलं, "म्हणूनच सांगतो, निवड विचार करून करावी."

"तेच म्हणतेय. समोर बसलेलं दिसतंय ना मला."

शेवटी तंतोतंत असलेलाच घेतला. यात माझं काय चुकलं? दोन मापं समोर ठेवली, एक खरं आणि एक जवळपास, तर माणसाने कोणतं उचलावं?

आणि खेळायला लागली हो. सकाळी खेळायची, जेवण झालं की खेळायची. कंदीलवाला पहिल्या विहिरीत पडला, पडू दे. दुसरीत पडला, पडू दे. खेळ जिथे सोडला तिथे तो जपून ठेवायची सोय त्यात आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. अंगठा आधी थरथरायचा, मग रेंगाळत का होईना, ऐकायला लागला. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ही आरशासमोर बसून दोन्ही हातांनी वेणी घालत होती. वाकडी होती. पण दोन्ही हातांनी.

आणि मग तिने पूल ओलांडला. ऐन उमेदीत जो जमला नाही, तो वारं गेलेल्या हाताने. मुलाला फोन लावला, व्यायामाच्या बाईला चेंडू परत दिला, शेजारीण आली तिला पाचवी विहीर समजावून सांगितली, आणि मला म्हणाली, "बघितलंत? माझा हात तेव्हापेक्षा बरा आहे."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

पण भिंतीपलीकडे मी प्रार्थनेला बसलो होतो ना. धून येत होती आणि माझी चाल तिच्याशी जुळत नव्हती. मी पुढे, धून मागे. आधी वाटलं वय झालं. मग नोकरीतलं जुनं स्टॉपवॉच काढलं, हिच्या मागे उभा राहिलो आणि खेळातल्या कोपऱ्यातल्या घड्याळाशी लावून बघितलं. खेळातला एक मिनिट, माझ्या घड्याळात सव्वा मिनिटाचा. इतका तंतोतंत तो एम्युलेटर की त्याचं ओझं यंत्राला पेलत नव्हतं, आणि सगळंच हळू चाललं होतं. कंदीलवाला हळू, वटवाघळं हळू, पूल हळू.

ती फोनवर मुलाला दुसऱ्यांदा तेच सांगत होती. मी म्हटलं, "तो पूल हळू हलत होता. खऱ्या वेगाने तू तो ओलांडलेला नाहीस."

मी काय खोटं बोललो? सांगा ना.

तिने फोन खाली ठेवला. यंत्रही खाली ठेवलं.

चूक दिसली की दुरुस्त करावी, म्हणून मी ते उचलून दुकानात नेलं आणि हलका एम्युलेटर टाकून घेतला. खोटा तेवढा कार्डातून काढून टाका, असंही मीच बजावलं. घरी येऊन बघतो तर धून अगदी बरोबर, माझ्या प्रार्थनेला चपखल, आणि कंदीलवाला पहिल्या विहिरीच्या काठावर उभा. पूल नाही, चार विहिरींतले दिवे नाहीत, काहीच नाही. पुन्हा दुकानात. तो म्हणाला, "काका, एकाने जपून ठेवलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. आणि पहिला तर तुम्हीच पुसायला लावलात. त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं."

हिने खऱ्या वेगावर खेळून बघितलं. कंदीलवाला पहिल्याच विहिरीत पडला. पुन्हा पडला. अंगठा बटणापर्यंत पोचायचा तेव्हा खाली सगळं आटोपलेलं असायचं. मग यंत्र उशाशी उपडं पडून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी केस मोकळे. तिसऱ्या दिवशीही मोकळे. व्यायामाच्या बाईने हात हातात घेतला, बोटं उघडून बघितली, नीट उघडेनात. मला बाहेर बोलावून म्हणाली, "काका, पूल हळू होता, मान्य. पण वेणी? ती काय त्या यंत्राने घातली होती?"

...वेणी मी मोजली नव्हती.

मी आत गेलो. म्हटलं, "दुसरा बघू का? आणखी आहेत. त्यात एक मधला आहे, फार जड नाही, फार..."

"नको," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "तो हळू चालणाराच आणा."

"अगं, पण तो खोटा..."

"मला माहीत आहे तो हळू आहे. माझा हातही हळू आहे. आम्ही दोघं आमचं बघून घेऊ. तुम्ही घड्याळ घेऊन या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

आणला. तोच, जड. ती पुन्हा पहिल्या विहिरीपासून उतरते आहे, पुलाचं नाव मी काढत नाही. स्टॉपवॉच बाहेर, दाराजवळच्या फळीवर असतं. आत जाताना मनगटावरचं घड्याळही काढून तिथेच ठेवावं लागतं, ती आधी माझं मनगट बघते आणि मग मला बसा म्हणते. आणि मी शेजारच्या खोलीत प्रार्थनेला बसतो तेव्हा भिंतीपलीकडून ती धून येते, एका मिनिटाचा सव्वा मिनिट करत, आणि माझी चाल कितीही सांभाळली तरी तिच्यामागे ओढली जाते... पूर्वी संपायची त्याच्या कितीतरी नंतर माझी प्रार्थना संपते. हे खोटं माप आहे, मला कळतं. पण तुम्हाला सांगतो, देवाने अजून स्टॉपवॉच बाहेर काढलेलं नाही.