पन्हा कुठे सांगितलात?

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीमास्तरांनी सोबत आलेल्या, वही-पेन घेऊन अभ्यास करणाऱ्या शेजारच्या ताईशी पैज लावली, तसे कंपाउंडरने कान टवकारले.

"मी एक प्रश्न घालतो. सोडवताना पेन वहीला टेकलं तर तू इथे सगळ्यांसमोर दहा उठाबशा काढायच्या. नाही टेकलं तर मी."

"मास्तर, उद्या माझी मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा आहे आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

"आधी दोनदा का आपटलीस ते सांग."

"वेळ पुरला नाही. काही गणितांत दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का, एवढंच विचारतात. मी बसते उत्तर काढत."

"आणि उद्याही बसलीस तर?"

"परवा कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मची मुदत संपते, म्हणजे ही शेवटची संधी. मग जन्मभर ऑफिसातल्या त्याच टेबलावर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची."

"मग ऐक. तीन मीटर कापड आहे. माणूस उंच, छाती चाळीस, बाह्या पूर्ण. दोन शर्ट निघतील का, हे सांगायला माहिती पुरेशी आहे?"

"एका शर्टाला साधारण..."

"पेन खाली चाललंय बघ."

"थांबा ना, घाम फुटलाय मला."

"उद्या घड्याळ थांबणार आहे का? एक मिनिट गेलं."

कंपाउंडरनेही गुपचूप बोटांवर हिशेब मांडायला घेतला.

"पुरेशी नाही."

"कशावरून?"

"कापडाचा पन्हा कुठे सांगितलात? रुंदीच ठाऊक नाही, तर बेतणार काय, कपाळ?"

मास्तर उठले, बाकांच्या मधोमध उभे राहिले आणि कान धरून उठाबशा काढू लागले.

"अगं, मोज की," सहाव्या खेपेला ते धापा टाकत म्हणाले.

"मोजणार नाही. पुरेशा झाल्या."