नवव्या पायरीवर

मुलगी: फोन दाखव म्हणत नाहीये. फक्त सांग, ‘कार्बन’ तूच ना?

आई: कोण कार्बन?

मुलगी: आई.

आई: आधी बूट काढ. आल्या आल्या काय उलटतपासणी!

मुलगी: माझ्या स्नायूंच्या आजाराच्या फोनवरच्या गटात आठ महिन्यांपूर्वी एक कार्बन आली. वय सव्वीस, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, छटा जुळवण्याचं काम. दुसरा मजला, छत्तीस पायऱ्या. सगळं माझंच. सगळ्या जगातून मिळून त्या गटात एकशे चाळीस माणसं. त्यातल्या दोघी रंगाच्या प्रयोगशाळेत असण्याची शक्यता किती, सांग.

आई: मला गणितात ओढू नकोस. टायपिंगचा वर्ग घेताना कार्बन कागदांनी तीस वर्षं बोटं काळी केली माझी. दुसरं नाव सुचलं नाही.

मुलगी: म्हणजे तूच.

आई: तुला कुणी सांगितलं?

मुलगी: ते नंतर. तू तिथे ‘मी’ म्हणून लिहितेस. ‘आज मला जिना जड गेला.’ तू आजारी नाहीस, आई. माझे स्नायू घेऊन गेलीस तिथे. नातेवाइकांसाठी वेगळा गट आहे, माहितीये ना?

आई: जाऊन आले. तिथे सगळे नुसते रडतात. त्यापेक्षा आजारी माणसं बरी, थट्टा तरी करतात. तो निवृत्त पोस्टमन बघ. ‘आज चार पायऱ्या. पाचवीने अर्ज नामंजूर केला.’

मुलगी: पण मी बाहेर पडले होते ना तिथून?

आई: म्हणून तर मी गेले. तू होतीस तोवर जेवताना काहीबाही सांगायचीस. अमक्याचं औषध बदललं, तमकी परत चालायला लागली. बाहेर पडलीस आणि तोंडाला कुलूप. कधीही विचारा, ‘बरी आहे.’ शेजारीण म्हणते, दिसते तर छान! आता तिला काय सांगू, या आजारात माणूस पडेपर्यंत छानच दिसतो. तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलगी: मी का बाहेर पडले, ते विचारलंस कधी?

आई: आता विचारते.

मुलगी: दर सोमवारी आकडा टाकायचा. कठडा न धरता, न थांबता किती पायऱ्या. मला औषध लागू पडलं, माझा आकडा छत्तीस झाला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्याच सोमवारी एका मुलीने अकरा लिहिलं होतं. महिन्यापूर्वी तिचे तीस होते. माझ्याच वयाची, वाचनालयात काम करते. तिनेही मला लाल बदाम पाठवला. मला तो बघवेना. पुढच्या सोमवारी मी तीस लिहिलं.

आई: खोटं?

मुलगी: खोटं. प्रयोगशाळेत असा एक आकडा लिहिला तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. आणि इथे मी बरी असल्याची लाज वाटून स्वतःचा आकडा कमी करत होते. मग कुठलाही जिना बघितला की जिना दिसेचना, आकडाच दिसायचा. सोडला गट.

आई: मला सांगितलं असतंस तर...

मुलगी: तर काय केलं असतंस?

आई: काळजी.

मुलगी: बघ.

आई: ती तशीही केलीच की.

मुलगी: बरं, काल गटात लिहिलेला नऊचा आकडा कुठून आणलास? मोजतेस कशी तू?

आई: कानांनी. वर्गात चाळीस मशीन एकदम वाजायची. त्यात कोणत्या पोरीने अक्षर गाळलं ते मला पाठमोरी असताना कळायचं. तुझी पावलं नाही कळणार? साडेसहाला खालचं दार वाजतं. एक, दोन, तीन. छत्तीस झाले की मी कामाला लागते. तीन आठवडे झाले, तू नवव्या पायरीवर थांबतेस.

मुलगी: अगं...

आई: पहिल्या दिवशी वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. दहा-दहा, बारा-बारा मिनिटं दम खायचीस. परवा हुंदके ऐकू आले. मग राहवेना. काल सगळं लिहून काढलं तिथे. नवव्या पायरीवर थांबावं लागतंय, आता पुढे काय? डॉक्टरबाईंची गुरुवारची वेळसुद्धा घेतलीये. तुला कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच ठरत नव्हतं.

मुलगी: खाली का नाही आलीस मग?

आई: दोनदा दारापर्यंत आले. पण आजार नवा होता तेव्हा तूच बजावलं होतंस ना? पडले तरी धावत येऊ नकोस, लागलं तर मी हाक मारीन. हाक आली नाही.

मुलगी: आई, मी हसत होते.

आई: काय?

मुलगी: परवा. हुंदके नव्हते ते. तोंडावर हात धरून हसत होते. वाचनालयवालीचा फोन असतो रोज. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या कामाची वेळ बदलली, आता ती साडेसहाला सुटते. नवव्या पायरीशी वळणावर खिडकी आहे ना, तिथे बसून कुजबुजत बोलते मी. गट सोडला, तिला नाही सोडलं. आकडा विचारायचा नाही, एवढंच ठरलंय आमचं. ती तिच्याकडच्या माणसांच्या नकला करते. परवा एकाने पुस्तकात खूण म्हणून पायमोजा ठेवून पुस्तक परत केलं. वर काउंटरवर विचारतो, दुसरा सापडला का?

आई: मग घरात येऊन हसायला काय होतं?

मुलगी: तुझ्या या कानांसमोर?

आई: म्हणजे... मुलगा नाहीये तर.

मुलगी: नाही.

आई: असता तरी चाललं असतं.

मुलगी: आज फोन उचलला तर ती रडत होती. ‘नऊवर आलीस आणि मला सांगितलंही नाहीस?’ एरवी कार्बन नुसता आकडा टाकून जायची, काल सगळं सविस्तर लिहिलं, त्यावरून कार्बन म्हणजे मीच, असं तिला वाटलं. तिची समजूत काढता काढता वीस मिनिटं गेली.

आई: बावीस. आणि आता मला चढून दाखव.

मुलगी: आत्ताच चढून आले की!

आई: थांबून आलीस. न थांबता ये. फोन इथे ठेव.

(मुलगी खाली जाते. खालचं दार वाजतं. मग छत्तीस पावलं, मध्ये कुठेही खंड नाही.)

मुलगी: झालं समाधान?

आई: शेवटच्या चार पळत आलीस.

मुलगी: तू रडतेस?

आई: छे. बस इथे. अशी जवळ बस. तीन आठवडे पाठ टेकून बसले नव्हते मी.

मुलगी: गुरुवारची वेळ रद्द कर.

आई: करते. का एकदा जाऊन यायचं?

मुलगी: आई.

आई: करते म्हटलं ना!

मुलगी: आणि आधी तिथे खरं काय ते लिही. माणसं घाबरली आहेत.

आई: हाकलतील मला.

मुलगी: हाकलू देत. तू सांग, मी टाइप करते.

आई: नको, तू चुका करतेस. सरक. ‘मी कार्बन. मी आजारी नाही. आजार माझ्या मुलीला आहे. आणि ती...’ काय लिहू? बरी?

मुलगी: लिही. बरी.

आई: ‘...ती बरी आहे. माझेच कान चुकले. क्षमा असावी.’ गेलं. अगंबाई, पोस्टमनचं उत्तर आलंसुद्धा!

मुलगी: वाच.

आई: ‘मुलगी बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी तुम्ही आई आहात हे मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. सव्वीस वर्षांची कुठली मुलगी एकशे चाळीस जणांना, जेवलात का, असं विचारते?’ ...हसू नकोस गं.

मुलगी: राहा तिथे. पण आई म्हणून राहा. माझे आकडे द्यायचे नाहीत.

आई: एकही नाही?

मुलगी: एकही नाही. काही झालंच तर मी सांगेन. सगळ्यात आधी तुला.

आई: नुसतं ‘बरी आहे’ म्हणणार नाहीस?

मुलगी: नाही म्हणणार.

आई: आणि साडेसहाला तू जिना चढायला लागलीस, की मी करायचं काय?

मुलगी: दार उघडायचं.