क्लॅरीचे आरसे

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या भंगारवाड्यात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोन म्हातारे. क्लॅरीच्या काखेत ट्रकचे दोन आरसे, आणि त्याचा दोस्त डेस रिकाम्या हाताने.

“अरे क्लॅरी, हे तर तू गेल्याच आठवड्यात नेलेस ना? बसले नाहीत?”

“बसले की. अठ्ठावन्न सालच्या ट्रकला अगदी शोभले.”

“मग?”

“मग मागचं दिसायला लागलं.”

“आरसा आहे तो, दुसरं काय करणार?”

“डेस, नऊ वर्षं मी आरशांशिवाय हिंडलो. मागून हॉर्न वाजले की वाटायचं, लोक ट्रकवर फिदा आहेत. मी येडा, हात बाहेर काढून सगळ्यांना टाटा करायचो!”

“आणि?”

“शनिवारी आरशात पाहिलं. मागे वीस गाड्या तुंबलेल्या. एकेकाचा चेहरा असा, की कच्चा खातील मला.”

“चाळीसनं चालवतोस. ओवाळतील का?”

“आणि सगळ्यांच्या पुढे नोलीनची गाडी.”

“तुझी बायको? ती तर म्हणते, ट्रकमध्ये कंबर धरते, म्हणून आपली मागून येते.”

“कसली कंबर! खिडकीतून हात काढून ती मागच्यांची माफी मागत होती. नऊ वर्षं मागतेय. घरी कधी एका शब्दानं बोलली नाही.”

“मग विचारलंस तिला?”

“विचारलं. म्हणाली, ‘आता तुला दिसतंय ना? मग तुझं तू बघ.’ रविवारी घरीच राहिली. आरशात बघतो, तर वीसच्या वीस गाड्या आहेत, आणि ती नाही.”

“म्हणून हे घेऊन आलास?”

“डेस, हे परत घेतील ना रे?”