नवव्या रेकॉर्डिंगचं नाव

— नाही, वायर मी हलवत नाहीये, हात नुसता काउंटरवर ठेवलाय. तुम्ही करा तुमचं, सलिलभाऊ. एवढंच विचारत होतो, आत जे आहे ते जाणार नाही ना? मघाशी तुम्ही म्हणालात, मध्येच लाइट गेली, वायर निघाली, तर हे यंत्र आहे तिथेच मरतं. बाकी काय काय सांगितलंत — चार्जिंग पूर्ण पाहिजे, आधी आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं, मग कंपनीचा प्रोग्रॅम तसाच ठेवून शेजारी हा दुसरा घालायचा, कडेचं बटण दाबून धरलं की जुना परत मिळतो — ते सगळं ऐकलं मी. पण डोक्यात राहिलं ते मरतं एवढंच. आता आधी उतरवून घेताय ना? घ्या, घ्या. पण मग ते तुमच्याकडे राहणार का हो? म्हणजे तुम्ही ऐकणार नाही ना? तसं लपवण्यासारखं काही नाही, माझाच आवाज आहे. नऊ रेकॉर्डिंगं. म्हातारा बोलतोय, मध्ये मध्ये खोकतोय. दुसरं काय असणार?

पावतीवर गुणाजी लिहा, ठाकुर्ली. बरं झालं, रविवारी दुकान उघडं मिळालं, उद्या मला जमलं नसतं. हे यंत्र आमच्या मुलाचं, सुदेशचं, कॉलेजात असताना घेतलेलं, गाणी ऐकायला. मग मोबाइल आले, हे कपाटात पडलं. आता आमच्या मंडळींना लागतं. गंगुबाई म्हणतात चाळीत तिला. साखरेने डोळे गेले, तीन वर्षं झाली. मोबाइल देऊन बघितला, पण तो नुसता गुळगुळीत, बोटाला काही लागतच नाही, एकदा चुकून कोणाला तरी फोन लागला आणि ही त्याला अर्धा तास भाजी विचारत बसली. ह्याला बटणं आहेत. मधल्या बटणावर ती टिकली दिसतेय ना, ती मी चिकटवलीय, तिच्याच पाकिटातली. काढू नका. बोटाला टिकली लागली की तिला कळतं, हे मधलं. पण खाली किती वेळा दाबलं ते विसरते, आणि मग काय लागेल ते लागतं, कारण हे जुनं मुकं आहे, नावं फक्त काचेवर दाखवतं. ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात एक शुभदाताई भेटल्या, त्यांनाही दिसत नाही. त्या म्हणाल्या, काका, त्यात दुसरा प्रोग्रॅम घालून घ्या, बटण दाबत ज्या नावावर थांबाल ते नाव यंत्र बोलून दाखवतं. मी म्हटलं, असं असतं? त्यांनी त्यांचं कानाला लावून ऐकवलं. म्हणून आलो.

ती पट्टी थांबली का? — सरकतेय, हो. हळू सरकते. मी तीस वर्षं बॉयलरवर होतो, एमआयडीसीत. काट्याकडे बघत राहायचं काम. तेव्हा कधी भ्यायलो नाही, काटा वर गेला तर काय करायचं ते हाताला ठाऊक होतं. इथे काय करायचं ते ठाऊक नाही, म्हणून विचारतोय सारखं. रागावू नका.

घाई अशी की उद्या मला भरती व्हायचंय, माजिवड्याच्या बाजूला एक हॉस्पिटल आहे तिथे. सकाळी आठला बोलावलंय. आठ दिवस. हर्निया आहे — म्हणजे, तिला हर्निया सांगितलंय. तुम्हाला कशाला खोटं सांगू. छातीचं आहे. तीन नळ्या बंद, उघडून करणार. सुदेश माझ्याबरोबर राहील, हिच्याकडे शेजारची प्राची बघेल, डबा देईल. ऑपरेशनच्या सहीचा कागद सुदेशने वाचून दाखवला आणि वाचताना एक ओळ गाळली. मला वाटलं, गाळली तर गाळू दे. मला वाचायला वेळ लागतो, चौथीनंतर शाळा सुटली, पण येत नाही असं नाही. तो कागद मी घरी आणला आणि सकाळी गॅलरीत बसून ती ओळ वाचली. एकेक अक्षर. तासभर गेला असेल. मग सही केली. भीती? नाही हो, ह्या वयात भीती कसली — पण जेवण जात नाही चार दिवस. हिला म्हणतो पोटाला हलकं सांगितलंय, हर्निया आहे ना. खोटं एकदा बोललं की फार कामाला येतं.

तर आठ रेकॉर्डिंगं केली, रोजचं एक. संडासात बसून केली, दुसरीकडे ती ऐकते. रोज काय, तर पाणी पावणेसातला येतं, नळ हाताने तपासून बंद कर, सकाळची गोळी डब्याच्या पहिल्या खणात, रात्रीची टोकाच्या. प्राचीच्या डब्यात मीठ कमी असतं, तिला बोलू नकोस, फडताळात डाव्या हाताला मिठाची बरणी आहे. गुरुवारचं जरा लांबलं. गुरुवारी मी आमच्या लग्नातलं सांगितलंय, माझ्या मामाचा फेटा वाऱ्याने विहिरीत पडला आणि मामा जेवायलाच बसेना. ती ते ऐकून हसेल, एकटीच हसेल. तेवढीच जरा करमणूक. आणि नववं — नववं वेगळं आहे.

झालं का? — काळा पडला स्क्रीन. सलिलभाऊ, काळा पडला. — बंद होऊन चालू होतोय? असं होतंच? — सांगायचं होतं ना आधी, इथे माझ्या... हां. आलं. आलं चित्र. बोलतंय. हिंदीत बोलतंय होय, चालेल, तिला हिंदी सगळी कळते, भांडते सुद्धा हिंदीत. आतलं आहे ना सगळं? मोजा जरा. — नऊ. बरं. पाणी मिळेल का थोडं?

आता नावं माझ्या आवाजात घालायची म्हणताय. ह्या माईकमध्ये. चांगलं आहे ते, तिला मराठी नावं मराठीत ऐकू येतील. लावा. सोमवार. — पुन्हा? सोमवार. मंगळवार. बुधवार. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. रविवार. आणि आठवं, पुढचा सोमवार. त्या दिवशी मी येतो. नाही, तेवढं नका घालू. नुसतं पुढचा सोमवार.

नववं राहू द्या. नाव नको त्याला. — पण मग ती दाबेल, हो. नाव नाही म्हणून मुद्दाम दाबेल, मी ओळखतो तिला. गेल्या मंगळवारी तर चुकूनच लागलं. मी कांदा चिरत होतो आणि आतून माझाच आवाज आला, गंगू, तू हे ऐकत असशील तर मी घरी आलेलो नाही. सुरी हातात तशीच घेऊन पळालो. बंद केलं. तिने विचारलं, कोण होतं? म्हटलं, रेडिओवरचं नाटक आहे, सुदेशने भरून ठेवलंय. ती म्हणाली, त्या माणसाचा आवाज तुमच्यासारखा आहे. मी म्हटलं, असतात एकेकाचे. दुपारी मी आडवा झालो तर येऊन माझ्या छातीवर हात ठेवून बसली, मधोमध. हर्निया कुठे असतो ते तिला माहीत नाही का? असेलही. मी डोळे मिटून घेतले. तिला दिसत नाही, तरी मिटले.

पुसून टाका म्हणताय. तुम्हाला सोपं वाटतं. त्यात पासबुक कुठे आहे ते सांगितलंय, सुदेशकडे राहायला जा, हट्ट करू नकोस, ते सांगितलंय, आणि — आणि दुसरंही आहे, पन्नास वर्षांत तोंडाने बोललो नाही ते. ते पुन्हा बोलता येणार नाही मला. पण त्याला नाव काय देऊ? खरं नाव दिलं तर उद्याच बोट तिथे थांबेल, यंत्र ते नाव बोलेल, आणि मी टेबलावर असताना ती इकडे... भजन म्हणू? भजन तर आधी लावेल. कोणाला सांगून ठेवू? सुदेश रडका आहे, त्याच्या आवाजावरूनच कळेल तिला. तुम्हाला सांगू? तुम्ही कोण, मी कोण.

थांबा. असं करा. गॅस म्हणा. गॅसचा नंबर कसा लावायचा. ते माझं काम, तिने आजवर कधी लावला नाही, तिला त्याचा कंटाळा, ती तिथे बोट ठेवून पुढे जाईल. आणि सिलिंडर परवाच बदललाय. दोन माणसांना दोन महिने जातो — एकीला जास्तच जाईल. तोवर मी आलो तर मीच पुसून टाकीन. नाही आलो तर तोवर तिला कळलेलं असेल, रडून झालेलं असेल, आणि कधीतरी शेगडी फडफडायला लागेल आणि ती हे लावेल. तेव्हा लागेलच ते तिला. मात्र खोटं नको. सुरुवातीला खरंच गॅसचं सांगायला पाहिजे, कार्डावरचा नंबर, प्राचीच्या फोनवर कुठलं बटण दाबायचं, सगळं. ते पुढे जोडता येईल ना? — येईल. बरं.

मग लावा. लाल दिवा लागला की बोलायचं, कळलं मला. आणि सलिलभाऊ, दुकान तुमचं आहे, पण तुम्ही जरा बाहेर उभे राहा. दार ओढून घ्या.