मालतीच्या कादंबरीतली गंगू

मागं उन्हात उभ्या असलेल्या बायांनो, पुढं सरकून बसा. मंडपात जागा आहे.

वडनेरच्या माझ्या माणसांनो, मालतीच्या या शोकसभेत मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. मालती आणि मी एकाच शाळेत शिकवलं. निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीत एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. तिच्याविषयी 'होती' म्हणायची सवय नाही. सांभाळून घ्या.

सकाळपासून दोघा-तिघांनी मला म्हटलं, "मॅडम एवढं लिहायच्या, पण एक पुस्तक नाही निघालं. बिचाऱ्या." मला या 'बिचाऱ्या'वरच बोलायचं आहे.

मालती कादंबरी लिहीत होती. वेणू नावाची नर्स बदली होऊन अनोळखी गावात येते, तिथं तिचं कोणी नसतं, अशी गोष्ट. त्याच काळात मालतीच्या सासूबाई, ज्यांना आपण सारे माय म्हणायचो, अंगणात पडल्या आणि खाटेला खिळल्या. या सासू-सुनेचं भांडण कधी कोणी ऐकलं नाही. कारण बोलणंच नव्हतं. चहा ठेवला, औषध दिलं, संपलं.

एका रविवारी दुपारी माय म्हणाल्या, "रोज काय लिहून राह्यली तू? मले बी वाचून दाखव."

मालती वाचू लागली. माय डोळे मिटून पडल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांब. नवीन बाई आली अन् कोणी तिले भाकर नाई नेऊन दिली?"

"माय, तिचं एकटेपण दाखवायचं आहे मले."

"दाखव ना. पण उपाशी काऊन ठेवून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मालतीनं शेजारीण लिहिली. तिचं नाव गंगू. तोंडाची फटकळ, पण पदराखाली भाकर अन् वांग्याची भाजी झाकून आणणारी. मग गंगूनं काय बोलायचं, ते माय सांगू लागल्या. एखादं वाक्य पटलं नाही तर म्हणायच्या, "गंगू असं नाई बोलत. खोड ते." मालती शाळेत येऊन माझ्याजवळ तक्रार करायची, "सुनंदा, सासू माझी कादंबरी बिघडवून राह्यली." आणि हसायची.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, माय स्वतःचंच सांगत होत्या. लग्न होऊन त्या अल्लीपूरहून इथं आल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणतीच गंगू आली नव्हती. हे मालतीला तोवर माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मायनं कधी सांगितलं नव्हतं.

माय फार थकल्या, माणसं ओळखेनाशा झाल्या, तेव्हाही मालतीचा हात धरून म्हणाल्या, "गंगूले सांगजो, वेणूकडे ध्यान ठेवजो."

माय गेल्या. कादंबरी पुरी झाली. मीच मागं लागून ती नागपूरच्या एका प्रकाशकाकडे पाठवायला लावली. त्यांचा फोन आला. लिखाण आवडलं होतं, छापायची तयारी होती. फक्त ती शेजारीण काढा म्हणाले. तिच्यामुळे गोष्ट रेंगाळते.

मालती उन्हाळ्याच्या सुट्टीभर बसली आणि तिनं गंगू काढली. मला वाचून दाखवलं. खरं सांगते, कादंबरी नेटकी झाली होती. मी तसं म्हटलंही. ती कागद आवरत म्हणाली, "हो. पण वेणू पुन्हा उपाशी राह्यली."

तिनं प्रकाशकांना नाही म्हणून कळवलं. मी चिडले. म्हटलं, "कोणी वाचणारच नसंल तर एवढं लिहिलं काऊन?"

ती शांतपणे म्हणाली, "मले पुस्तक पाहिजे होतं, सुनंदा. खोटं कशाले बोलू? पुस्तकाच्या दुकानासमोरून गेले की अजून पाय थांबतात. पण ज्या बाईसंगं मी लग्नापासून धड बोलले नाई, तिच्यासंगं दुपारच्या दुपारी हसले मी. हे वाया गेलं म्हणतेस तू?"



चांगलं लिखाण लोकांपर्यंत जावं, असं मला आजही वाटतं. छापलेल्या पुस्तकांवरच माझा जन्म गेला. पण ज्या लिखाणानं एका घरातली दोन माणसं बोलती केली, त्याला मी बिचारं म्हणणार नाही. जिनं ते लिहिलं, तिलाही म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

मालतीचा मुलगा प्रशांत इथं समोर बसला आहे. काल त्यानं मला विचारलं, "मावशी, आईची कादंबरी मीच छापून घेऊ का? तिचं नाव राहील."

बेटा, त्याचं उत्तर आज सांगते. छापायचं पुढं पाहू. आधी तू गंगू असलेली प्रत वाच. तू शिकायला पुण्याला गेलास, तिथंच राहिलास. तुझी आई आणि आजी एकमेकींशी कशा बोलायच्या, ते तुझ्या कानावर कधी आलंच नाही. त्यात दोघी आहेत. त्यांना भेट. मग ठरव.

आता आपण सारे उभे राहू आणि तिला हात जोडू.

मालती, माझे बाई, माझा नमस्कार घे.