बोटभर माया

बालाघाटच्या दवाखान्यात रुख्माबाई नंबर लावून बसली होती. छातीतली गाठ तिनं अजून कुणालाच दाखवली नव्हती, घरधन्यालाही नाही. पुढच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वैनी, काढलेल्या छातीच्या जागी मुंबईच्या डाक्टरनं रबराची बसवली, तं दोन्ही सारख्या काहून नाही दिसत?"

"सूज हाय अजून. उतरली का सारख्या होतीन, म्हणते."

"आन नाही झाल्या तं?"

"तं नाही. बैलजोडी थोडीच हाय, सारखी पाहाले! जुनी तं जीव घेऊन राह्यली होती."

"दादानं पाह्यलं?"

"पाह्यलं."

"काय म्हणला?"

"टेप आणला, माप घेतलं, अन् हा ब्लाउज शिवून देला."

"बरा बसला व!"

"आतून पाह्य. दोन्ही शिवणीत बोट-बोट माया ठेवली. म्हणले, सूज उतरली तं आवळू, नाही तं सोडू."

"आमचा दादा? गिऱ्हाइकाले सुतभर माया सोडत नाही तो!"

"हौ ना."

आतून रुख्माबाईच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, दारापर्यंत गेली अन् मागं वळली.

"बाई, तुमच्या घरच्याइचं दुकान कुठं हाय?"