तारा गोल पाहिजे

…आन् वरून मलाच म्हणतात, कारभारी, तारा जरा अंड्यासारखा दिसला म्हणून काय बिघडलं? काय बिघडलं म्हणजे? तुम्हाला सांगतो, तुमच्या ताटात भाकरी लांबोडकी आली तर तुम्ही खाता, मान्य, पण एक शब्द बोलल्याशिवाय खाता का? मंग मी तर आख्खा तारा काढून राह्यलो. तारा गोल पाहिजे.

आता मी कोण, तर केदारखेड्यात माझं मोटार भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी तार भरून परत देतो, आन् एक वेढा जरी कमी पडला तर मोटार गुरगुरती, म्हणून मोजायची सवय, आन् मोजलेलं वहीत लिहायची सवय. वीस वर्षांच्या वह्या आहेत. दुर्बीण घेऊन चार वर्षं झाली, कोणी शिकवलं न्हाई, मोबाईलवर बघून बघून शिकलो. मृग नक्षत्रात एक धुरासारखा ढग आहे, पावसाचा न्हाई, ताऱ्यांच्या जन्माचा, त्याचा फोटो काढायचा. एक एक फोटो पाच पाच मिनिटांचा. आन् पाच मिनिटात आभाळ जागेवर थांबतं का? ते चालूनच राह्यलंय. म्हणून दुर्बिणीला मोटार, आन् त्या मोटारीला वळण लावायला गाईड कॅमेरा.

गाईड कॅमेरा म्हणजे काय, हे मी गावात चाळीस लोकांना सांगितलं, चाळीसही जणांनी मान हलवली आन् चहा पिऊन गेले. सोपं आहे हो. पेरताना तिफण धरणारा माणूस खाली तासाकडं, म्हणजे पेरणीच्या रेघेकडं, बघत न्हाई, तो समोरच्या बांधावरचं एक झाड धरतो आन् नजर हालू देत न्हाई, मंग तास सरळ जातं. तसंच हे. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण, तिच्या मागं हा अंगठ्याएवढा कॅमेरा. त्यानं एक तारा धरायचा. तारा केसभर सरकला की मोटारीला सांगायचं, चल, इकडं ये. बस्स.

कोणता घ्यावा म्हणून जालन्याच्या हरिओम सरांना फोन केला, ते आमच्या आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपचे प्रमुख, बोलतात हळू आन् सोडत न्हाईत जल्दी. “कारभारीजी, गाईडिंगला मोनो घ्या बरं का. रंगीत नको. मोनो बारीक ताराही पकडतो.” मोनो म्हणजे काळा-पांढरा. तो घरी आला, आन् माझ्या बायकोनं, उषाबाईनं, डबी उलटीपालटी करून बघितली.

“आवं, लोकांचे टीव्ही भिंतीएवढे रंगीत झाले, आन् तुम्ही काळं-पांढरं मागवून राह्यले?”

म्हटलं, ह्यानं फोटो न्हाई काढायचा.

“मंग कोण काढणार?”

दुसरा कॅमेरा.

“मंग हा काय करणार?”

हा नुसतं बघणार.

“बरं हाय त्याचं,” म्हणाली. “आमच्याबी घरात एक हाय तसा.”

बोलू द्या. तारा गोल पाहिजे.

आता खरा घोळ जागेचा. आमच्या वावराच्या टोकाला, रस्त्याला लागून एक मोकळा तुकडा आहे, तिथून चारी बाजूंनी आभाळ उघडं. तातेराव, माझा मोठा भाऊ, ग्रामपंचायतीत मेंबर, त्याला तिथं कांदाचाळ टाकायची होती. मी म्हटलं, दादा, मला तिथं सिमेंटचा ओटा बांधायचाय, दुर्बिणीला. तो म्हणाला, “कांदा खाता येतो, कारभारी. तुझं ते काय करता येतं?” झालं, वाद मायपुढं गेला. आमची माय गोपिकाबाई, ऐंशीच्या पुढं आहे, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण निकाल देती तर तहसीलदारानं ऐकून राहावं. म्हणाली, “चार वर्षं झाले तारा तारा करून राह्यलास. शिवरात्रीपर्यंत मला एक गोल तारा दाखव. दाखवला तर जागा तुझी. न्हाई तर कांद्याची.”

तेवढ्यावर माझी जागा. एका ताऱ्यावर.

मंग मी लागलो. आन् रात्रीमागून रात्र, तारे लांबोडके. भोपळ्याच्या बिया सांडाव्या तसे. केबल बदलली, नट आवळले, वजन इकडचं तिकडं केलं. हरिओम सर म्हणाले, “कारभारीजी, तुमचं बॅलन्स बघा.” दुसरे कोणी म्हणाले वारा. तिसरा म्हणाला कॅमेराच खराब, परत पाठवा. मी त्या कॅमेऱ्याला काय काय बोललो, ते इथं सांगता येत न्हाई. म्हटलं, अरे तुला एकच काम, एकाच ताऱ्याकडं बघायचं, तेबी बराबर होत न्हाई? आन् तो बिचारा स्क्रीनवर रेघ काढून दाखवून राह्यला, तारा खाली गेला, ओढला, परत गेला, परत ओढला… रातभर ओढाओढ. मला कळंना.

आता ऐका. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आन् उषाबाई मला रात्री वावरात कधी जाऊ देणार? रात्रीची लाईट असली, गव्हाला पाणी द्यायची पाळी असली, तेव्हाच. उगाच थंडीत दुर्बीण घेऊन निघालो तर दाराला आडवी. म्हणून मी पाण्याच्या रात्रीच दुर्बीण लावायचो. फेरी एक, कामं दोन. हुशार माणूस.

एका रात्री अकरालाच लाईट गेली. मोटार बंद, पाणी बंद. माझा लॅपटॉप बॅटरीवर, तो चालू. आन् तासाभरानं स्क्रीनवरची ती रेघ हळूहळू शांत झाली. मी वहीत लिहिलं, रेघ शांत. आन् लिहिता लिहिता मागची पानं चाळली. बारा नोव्हेंबर, नऊला पाणी सोडलं, साडेनऊला कॅमेरा लावला, अकरापासून तारे लांबोडके. तेरा नोव्हेंबर, तसंच. डिसेंबर, तसंच. अठ्ठावीस रात्री मी पाणी आन् तारे एकाच ओळीत लिहिले होते, स्वतःच्या अक्षरात, आन् एकदाही एकत्र वाचले न्हाईत. टॉर्च मारून बघितलं, तर पाण्याच्या पाटाकडचा दुर्बिणीचा पाय चार बोटं चिखलात. सकाळी जे भोक दिसायचं, ते मी खेकड्याचं बीळ समजायचो. म्हणजे जमीन भिजून राह्यली, पाय उतरून राह्यला, आख्खी दुर्बीण कलून राह्यली, आन् तो अंगठ्याएवढा कॅमेरा एकटा तिला ओढून राह्यला. पाणी सोडणारा मी, आन् त्याला शिव्या देणाराबी मीच.

शिवरात्रीला एकच रात्र उरली होती. पाळी आपलीच, लाईट रात्रीची. तुम्हाला सांगतो, मी मोटार चालूच केली न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा पाळी चुकवली. म्हटलं गहू एक रात्र उपाशी राहील, तारा गोल पाहिजे. दुर्बिणीच्या पायांखाली तीन फरश्या ठेवल्या, कॅमेऱ्यानं तारा धरला, रेघ अशी सरळ, जशी वहीतली.

पण आमच्या स्टार्टरला मोबाईलचं सिम आहे, ते मी ध्यानातच घेतलं न्हाई, मीच बसवलेलं. मोटार चालू न्हाई झाली की ते दादाला फोन लावतं. बाराला बांधावरून एक बॅटरी हलत आली. “कारभारी, मोटार जळाली काय रे?” म्हटलं, दादा, बॅटरी बंद कर, फोटो चालूय. “पाणी का सोडलं न्हाई?” म्हटलं, आधी बॅटरी. केली त्यानं बंद, पुटपुटत. आन् अंधारात दुसरं काही दिसत न्हाई म्हणून स्क्रीनकडं बघत बसला. चौकटीत एक तारा, त्याच्याखाली रेघ.

त्यानं रेघेवरून बोट फिरवलं. मंग म्हणाला, “हे तिफणीचंच काम हाय की रे.”

मी म्हटलं, चार वर्षं तेच सांगून राह्यलो.

“नजर हालवू नको म्हणावं ह्याला,” दादा म्हणाला, आन् मृग मावळेपर्यंत स्वतः हालला न्हाई.

सकाळी मायनं फोटो डोळ्यापाशी धरला, लांब धरला, एकेका ताऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाली, “गोल हाय. जागा कारभारीची.” दादानं वाद घातला न्हाई. उलट गावभर फोटो दाखवत फिरला, माझा भाऊ, माझा भाऊ म्हणून. आन् घरी येऊन मायला म्हणाला, “माय, हा बिचारा रातभर तिथं एकटा बसतो. इच्चू-काट्याची जागा. साधी उजेडाची सोय न्हाई.” मला वाटलं, भावाची माया, बोलून मोकळा झाला असेल.

पंधरा दिवसांत ओटा बांधून झाला. त्याच्या शेजारीच, दहा हातांवर, एक खड्डाबी झाला. मंग खांब आला. मंग वर चार मोठे एलईडी दिवे. दादानं पंचायतीच्या बैठकीत ठराव घेतला होता, एकमतानं, गावाचं नाव काढणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. मी म्हटलं, दादा, अरे, एवढ्या उजेडात तारे… तर त्याचे डोळे भरून आलेले. आता अशा माणसाला काय सांगता?

उद्घाटनाला अर्धं गाव. मायला खुर्ची, उषाबाई नव्या लुगड्यात, नारळ फुटला, माझ्या खांद्यावर शाल पडली. दादा माईकवर म्हणाला, आता बटन कारभारीच्याच हातानं.

दाबलं.